माणसं शून्य

ओळंबा म्हणजे माझा जोडीदार गवंडी. एकतीस वर्षं आम्ही एकाच परांचीवर उभे राहिलो. भिंत दोन सूत कलली तरी तो पाडून पुन्हा उचलायचा, म्हणून भिंतीची सरळ रेघ तपासायच्या वजनाच्या दोरीचं हे नाव त्याला पडलं. मुकादम शिव्या घालायचा. हा ऐकून घ्यायचा आणि पाडायचा.

आमचं शहर दोन प्रांतांत आहे. हद्द बाजारातून जाते, शाळेमागून जाते आणि ओळंब्याच्या ओळीतल्या सतरा घरांच्या पोटातून जाते. स्वयंपाकघर या प्रांतात, झोपायची खोली त्या प्रांतात. दार या बाजूला. मागं कोरी भिंत, भिंतीपलीकडे त्या प्रांताची गल्ली.

यंदा वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. गॅस पेटवताना बोटं भाजायला लागली. मी दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या मुलीनं घराचा नंबर दाबला.

"या घरात माणसं शून्य," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जनगणनेप्रमाणे इथं कोणी राहत नाही, काका. पलीकडच्या यादीतही नाही. यादीत नसाल तर ऑपरेशनची तारीख देता येत नाही."

"मग ही कोण आहे? भूत?" ओळंब्यानं वहिनींकडे बोट दाखवलं.

मुलीनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. खरंच शून्य होतं. ओळंब्याला कामावर मी कधी बूड टेकताना पाहिलं नव्हतं, जेवायचा तोही उकिडवा. तो दवाखान्याच्या फरशीवर मटकन बसला. वहिनी हवेत हात फिरवत विचारत होत्या, "गेले कुठे हे?"

झालं होतं ते असं. इकडच्या मोजणीच्या बाई आल्या, झोपता कुठे विचारलं. हा खरं बोलला, "आतल्या खोलीत." त्यांचा नियम अंथरुणाचा. "मग तिकडचे मोजतील," म्हणून त्या गेल्या. तिकडचा माणूस मागच्या गल्लीतून चालत गेला. त्याचा नियम दाराचा. दार दिसलं नाही, तो पुढं गेला. सतरा घरं, एकसष्ट माणसं, आणि दोन्ही प्रांतांत मिळून एकही नाही. चुकलं कोणीच नव्हतं.

तिकडच्या यादी दुरुस्त करायच्या फेरीला चार दिवस उरले होते. इकडची केव्हाच संपली होती.

"दार नाही म्हणतात ना? काढू," ओळंबा म्हणाला.

"अरे, त्या माणसाला हात धरून पुढच्या दारानं आत आण."

"पुढचं दार दुसऱ्या प्रांतात. तो तिथं पाऊल टाकणार नाही. विचारून आलोय."

"बहात्तराव्या वर्षी भिंती फोडा," वहिनी म्हणाल्या. "शोभतं हो."

नऊ इंची भिंत. आधी वर खाच पाडून लिंटेल बसवलं, दोन दिवस तसंच ठेवलं. घाई करणाऱ्याच्या डोक्यावर भिंत येते. तिसऱ्या दिवशी वरून खाली एकेक वीट सोडवली. छिन्नी त्याची, हातोडा आलटूनपालटून. चौथ्या दिवशी सकाळी चौकट उभी केली. डावी बाजू त्यानं ओळंबा लावून धरली, उजवी मी. दहा मिनिटांनी माझे हात थरथरायला लागले. मी बोललो नाही.

दुपारी तिकडचा माणूस गल्लीतून आला आणि थबकला. "हे दार कधीचं?"

"आजचं," ओळंबा म्हणाला. "माणसं जुनी आहेत."

"किती?"

"दोन," आतून वहिनी ओरडल्या. "नीट मोजा!"

त्यानं लिहिलं. शेजारच्या घरात तोवर हातोडा सुरू झाला होता.

तारीख तिकडच्या दवाखान्यात मिळाली. पट्टी सुटली त्या दिवशी वहिनींना आम्ही मागच्या दारानंच घरी आणलं. त्या उंबऱ्याशी थांबल्या. दार वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उजवीकडं वाकडं आहे."

"काहीतरीच," म्हणत त्यानं ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबली. दोन सूत.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी छिन्नी आणायला आत गेलो.