इशाऱ्याचं बटण

संगणक मुलांना गणित कसं शिकवतो, यावर संशोधन करणारे एक डॉक्टरसाहेब कोपरीतल्या आमच्या शाळेत आले आणि माझ्या सहावीच्या वर्गाला टॅब वाटून गेले. गणित अडलं की 'इशारा' नावाचं बटण दाबायचं. ते दाबत राहिलं की शेवटी उत्तरच मिळतं, हा शोध पोरांनी लगेच लावला. मग डोकं कोण चालवतंय? मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "बाई, मुलं किती रमलीत बघा ना!" वर्ग गप्प बसला म्हणजे शिकला, एवढीच त्यांची विद्वत्ता.

दिवाळीनंतर ठाण्याच्या एका सभागृहात त्यांनी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं. वर्गातल्या एका कोळ्याच्या मुलीला मंचावर उभं केलं. एका पाहुण्यांनी टॅब बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "बाळ, अर्धा मोठा की एक तृतीयांश?"

ती गोंधळली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "सर, इशारा कुठंय?"

सगळे हसले. साहेब जराही न लाजता म्हणाले, "पाहिलंत? मदत मागायची सवय लागली!" त्यावर चक्क टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर पोर रडवेली झाली. "बाई, माझं काय चुकलं?"

"तुझं नाही गं. त्या शहाण्यांचं चुकलं."

नंतर रोज मधल्या सुट्टीत मी तिला भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. वार्षिक परीक्षेत तिनं ते सगळे बरोबर सोडवले. साहेबांच्या शोधनिबंधात मात्र तिची प्रगती टॅबच्या नावावर जमा झाली.