इरिनीचा होकार

इरिनी माझी धाकटी जाऊ. खरं सांगते, बारा वर्षं मी तिच्यावर जळले. आमचं अंगण एक, भाकरीची भट्टी एक, दोघी भावाभावांच्या बायका. पण तिचा अर्सानी शेतातले पंप दुरुस्त करून कोपरापर्यंत काळा होऊन यायचा आणि आधी विचारायचा, इरिनी जेवली का. माझा गत्तास यायचा तो चपला भिरकावत. मी जेवले की उपाशी, त्याला गंधवार्ता नसायची.

आणि ही बया कुणावर जळावी? देवावर.

अर्सानी चर्चचा वेडा. शुक्रवारी तिथं, रविवारी तिथं. त्यात वर्षातले दोनशेहून जास्त दिवस आमचे उपासाचे, आणि उपासात नवराबायकोनं लांब निजायचं. इरिनी कणीक मळता मळता धुमसायची, की अर्धा नवरा तर त्यानंच नेला. मी वरवर हसायचे. मनात म्हणायचे, बाई गं, तुझ्याकडे निदान अर्धा तरी आहे.

ईस्टरनंतर गावचे म्हातारे धर्मगुरू, आमचे अबूना, वारले. गावानं एकमुखानं अर्सानीचं नाव बिशपांकडे धाडलं. आमच्यात लग्न झालेलाच माणूस गावचा अबूना होतो. पण बायकोनं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय त्याच्या डोक्यावर दीक्षेचा हात ठेवत नाहीत. म्हणून एका दुपारी बिशप स्वतः येऊन आमच्या ओसरीवर बसले. मी चहा ठेवला. त्यांनी इरिनीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

गत्तासच्या अंगाचा तिळपापड झाला. घराण्याचं नाक कापलंस म्हणून तो ओरडायला लागला. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, आता बघू हिचा सोन्यासारखा नवरा. आता हा पण ओरडेल, हात उगारेल, आणि फिटेल माझ्या डोळ्यांचं पारणं.

अर्सानी एवढंच म्हणाला, "तिचं नाही, तर माझंही नाही."

जळून कोळसा झाले मी.

बिशप रागावले नाहीत. का नाही, तेवढं त्यांनी विचारलं, आणि इरिनीचा बांध फुटला. त्याचं नावसुद्धा बदलणार. सगळं गाव त्याला बाप म्हणणार आणि मला ताई. आधी चाळीस दिवस मठात ठेवून घेणार, मग कुणी मेलं की बोलवा त्याला, कुणी भांडलं की बोलवा त्याला.

"मला तुमच्या देवाचा मत्सर वाटतो, सय्यदना," ती बिशपांना म्हणाली. "आणि सांगायची लाजही वाटत नाही."

"लाज कशाला? मत्सर त्यालाही वाटतो. त्याची माणसं दुसऱ्याच्या मागं लागली की त्याचाही असाच जीव जळतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, ह्याचं नाव गावानं का दिलं, ठाऊक आहे? प्रार्थना गायला गळा तर ह्याचा धड नाही. ख्रिस्ताचं आपल्या मंडळीवर कसं प्रेम आहे, ते मी तीस वर्षं सांगतोय. कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आता लोकच मला सांगतात, अर्सानी इरिनीला वागवतो तसं. तुला टाकून तो आला, तर मला तो नकोच."

इरिनीनं पदराचं टोक कमरेला खोचलं.

"म्हणजे मी माझा हक्क सोडायचा नाही?"

"कणभरही नाही."

"मग हो," ती म्हणाली. "चाळीस दिवस तुमचे. एक्केचाळिसावा माझा."

एक्केचाळिसाव्या दिवशी तो परत आला. दाढी वाढलेली, अंगात काळा झगा. सगळं गाव अंगणात लोटलं आणि रांग लावून त्याच्या हाताचं चुंबन घेऊ लागलं. इरिनी भट्टीपाशीच उभी होती. तोच तिच्यापर्यंत गेला. रीतीप्रमाणे ती त्याच्या हातावर वाकली, तर त्यानं हात मागं घेतला, आणि तिचाच पिठानं माखलेला हात उचलून आपल्या कपाळाला लावला. गावादेखत.

बायका डोळे पुसायला लागल्या. गत्तास घरात जाऊन आडवा झाला. मी तडक चर्चमध्ये गेले. आजवर काही ना काही मागायला जायचे, त्या दिवशी भांडायला गेले. वेदीसमोर उभी राहून म्हटलं, तुला मत्सर कळतो म्हणतात ना, मग माझाही ऐक. तुझं प्रेम कसं असतं, ते तू मला बारा वर्षं अंगणाच्या पलीकडे दाखवलंस. माझ्या दारात कधी येणार आहेस?