नुसतं विचारलं होतं

जोतीराम माझ्या वर्गात होता तेव्हापासून विचारून करणारा. फळा पुसायचा तरी "गुरुजी, पुसू का?" म्हणायचा. सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर पंधरा वर्षं काढून तो परतला आणि १९७८ साली कराडजवळच्या एका साखर कारखान्यात कंप्युटरवर लागला. त्या खोलीत चपला काढून जावं लागे. तिथली खुर्ची त्याला जिवापाड प्रिय होती.

मशीनमध्ये ऊसलागणीच्या तारखांची यादी होती. कुणाचा ऊस आधी तोडायचा ते तिच्यावरून ठरे. पुण्याहून यादीचा नवा प्रोग्राम आला, तेव्हा जोतीरामनं प्रोग्रामच्या नावापुढं 'हेल्प' टाइप केलं. म्हणजे काम सुरू करू नको, तुला कसं चालवायचं तेवढं सांग. प्रोग्रामनं आधी नव्या हंगामासाठी जुनी यादी पुसली, मग कागदावर सूचना छापल्या. त्यात तिसरी सूचना होती: यादीची नक्कल काढल्याशिवाय सुरू करू नये.

ज्यांवरून यादी भरली त्या लागणीच्या मूळ चिठ्ठ्या केव्हाच बंबात जळून गेल्या होत्या.

"काय केलंस रं?" व्यवस्थापक मानसिंगराव ओरडले.

"काय बी न्हाई साहेब. निस्तं इचारलं."

"इचारल्यानं यादी जाती व्हय?"

वजनकाट्यावरचा धुळा दारातून म्हणाला, "गड्यांनो, जोतीरामाला टाइम इचारू देऊ नगा, घड्याळ बंद पडंल!" सगळे हसले. जोतीरामही कसनुसा हसला.

आठवड्यानं पुण्याचे इंजिनिअर आले. जोतीरामनं पाच खोट्या नावांची यादी भरली, 'हेल्प' टाइप केलं. पाचही नावं गेली.

"बघा साहेब. हेल्प मागितलीय का, ते प्रोग्रामनं आदी बघावं, मागितली आसंल तर उत्तर द्यावं आन् गप बसावं. बाकी कशाला हात लावू नये. एवढं बदला."

"खरंय तुमचं," इंजिनिअर म्हणाले. "पण बदलायला पुन्हा मंजुरी लागेल. आणि चालवता येत नसेल तर माणसानं मशीनवर बसावंच कशाला?"

तेवढं शेवटचं वाक्य मानसिंगरावांनी उचललं. जोतीरामची बदली गाड्या मोजायला फाटकावर झाली. जाण्याआधी त्याला एक काम सांगितलं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. त्यानं पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं: 'मशीनला हेल्प मागू नये.' डिंकानं तो पुठ्ठा भिंतीवर चिकटवला, वाळेपर्यंत तळहातानं दाबून धरला, आणि बाहेर येऊन चपला घातल्या.