शेंग वाळायच्या आधी

अन्याय झाला तो रानपावट्याच्या एका वेलावर, गेल्या वर्षी वसुबारसेला, कोल्हापूरहून रस्त्याची पाहणी करायला साहेब आले त्या सकाळी. आजही पावटा सोलताना बोटांना तो हिरवा वास लागला की मी पुन्हा त्या माळावर उभी असते. आमच्या भागात मला सापडलेला हा एकच वेल, आणि त्याला धरलेली एकच शेंग. पुढ्यात जेसीबी धडधडत होता, मागं रस्त्यासाठी खोळंबलेलं गाव. "पावट्यापायी रस्ता अडवतीस व्हय गं?" एक काकू ओरडल्या. साहेबांनी शेजारच्या शेतातली पावट्याची शेंग तोडून माझ्या हातात दिली. "पान तेच, फूल तेच. फरक दाखवा, काम थांबवतो." "वेलावरची शेंग बारीक आहे," मी म्हणाले. "माळावर पाणी न्हाय, म्हणून बारीक." खरा फरक दाण्यात होता. पावट्याचा दाणा पांढरा, टपोरा. रानपावट्याचा काळपट, ठिपक्यांचा. पण तो रंग शेंग वाळल्यावरच चढतो. "दोन महिने थांबा, साहेब." "आत्ता फोडा, न्हायतर बाजूला व्हा." फोडली तर बी जाणार, न फोडली तर वेल जाणार. मी फोडली. आत हिरवे, कोवळे दाणे, अगदी पावट्यासारखे. "पावटाच हाय की!" साहेब हसले आणि त्यांनी जेसीबीला हात केला. आता त्या डांबरावरून मीही रोज जाते. तुमच्या माळावर अशी पाहणी लागली, तर ग्रामसभेत उभे राहा आणि शेंगा वाळेपर्यंत साहेबांना परत पाठवा.