याकोबदादाचा शनिवार

याकोबदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होतो. ते कपातच विरघळलं आणि मला दादाचाच राग आला. वाद अर्धवट टाकून निघून गेला हा माणूस! सात आठवडे झाले, राग काही जात नाही... आणि खरं सांगायचं तर तो दादावरचा नाहीच.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. धाराशिवच्या एका दवाखान्यातून वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झालेला. आम्ही दोघे कॅथलिक, चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला एकाच बाकावर. दर शनिवारी तो हिरवी कापडी पिशवी घेऊन एसटीनं तेरला जायचा. तिथं लिंबाजीअण्णा नावाचे आंधळे धनगर आजोबा अंथरुणाला खिळलेले. दादा त्यांची दाढी करायचा, नखं कापायचा, पाठीला तेल चोळायचा. दवाखान्यात झालेली ओळख, बाकी नातं काही नाही. धर्माचा एक शब्दही त्यांच्यापुढं काढायचा नाही. "शनिवारी कुणाच्या पाठीला हात लागला नसंल, तर रविवारी मिस्सात त्याच हातावर ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला लाज वाटती रे," म्हणायचा.

मी शिक्षक. बोलण्यात हार न जाणारा. मधल्या काळात मी शहरातल्या एका प्रार्थनासभेला जाऊ लागलो होतो आणि तिथलं एक म्हणणं मला फार पटलं होतं : विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंच, कृतीची भर कशाला? मिस्सा सुटली की दादाला तेच ऐकवायचो.

"दादा, तुझा देवावर भरवसाच नाही. दाढ्या करून स्वर्ग कमवायला निघालायस तू."

"कमवायला ती काय मजुरी हाय व्हय?" तो भडकायचा. "तारण देवाच्या कृपेनंच. आपलं चर्चबी तेच सांगतंय. पर फुकट मिळालेलं बियाणं कुणी घरात ठिवतंय का? पेरायला नको?"

"बियाणं देवाचंच ना, मग तोच उगवेल."

"आन् हात? हेबी त्यानंच दिलेत की. कशाला दिलेत, सांग."

मी लगेच विषय बदलला. असा मी वादपटू.

शेवटच्या आठवड्यात त्याला दम लागत होता. फोनवर म्हणाला, "या शनिवारी तेवढं तेरला तू जातूस का?" मी म्हणालो, "मी अण्णांसाठी प्रार्थना करतो, दादा." पलीकडून नुसतं "बरं." त्या 'बरं'चा आजही संताप येतो. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी मुकाट गेलो असतो. मंगळवारी तो गेला.

दफनाला आलेले लोक म्हणत होते, एवढी सेवा केली, स्वर्ग तर त्यांनी मिळवलाच. ओरडून सांगावंसं वाटलं की बाबांनो, हेही त्याला पटलं नसतं! पण मूठभर माती टाकून बाजूला झालो.

वहिनींनी ती हिरवी पिशवी माझ्या हातात दिली. पुढच्या शनिवारी तेर गाठलं. अण्णांनी माझी बोटं चाचपली. "ह्यो हात दादांचा न्हवं." दादा गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी हात माझ्या मांडीवर ठेवला. नखं कापताना मी त्यांच्या बोटातून रक्त काढलं, तरी म्हणाले, "जमंल, जमंल." परतताना दर शनिवारी यायचं ठरवून टाकलं. नंतर परीक्षेचे पेपर आले, एक लग्न आलं, ऊन वाढलं. पिशवी दारामागच्या खुंटीला आहे. रोज सकाळी तिथंच बसून मी प्रार्थना करतो. माझा विश्वास तसूभरही ढळलेला नाही.

काल अण्णांच्या सुनेचा फोन आला. बिचारी संकोचून बोलत होती. "सर, राग मानू नका. आमच्या अण्णांना दिस कळत न्हाईत. दादा आले की शनिवार, मग तुम्ही आलात त्यो शनिवार, एवढंच त्यांचं ठरलेलं. आता रोज इचारत्यात... या महिन्यात शनिवार आलाच न्हाय का गं?"