आईने दाबलेलं बटण

रविवारी आमच्या नागावच्या घरी गाडीचा चार्जर बसला. यात पोस्ट टाकण्यासारखं काय, असं वाटेल... पण आमच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चौल, रेवदंडा, अलिबाग असं पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. रोजचं फिरणं बघून इलेक्ट्रिक गाडी घेतली. घरी बसवायचा चार्जर गाडीसोबतच मिळाला, पण तो खोक्यातच पडून राहिला.

कारण आई.

मी नववीत असताना बाबा सकाळी नारळ-सुपारीच्या वाडीला पाणी सोडायला गेले. पायाखाली चिखल, पंपाची पेटी लोखंडी... शॉक लागला आणि बाबा तिथेच गेले. त्यानंतर आईने पंप काढूनच टाकला. नारळ तगले, सुपारी वाळून गेली.

आई आजही मिक्सर लावायच्या आधी रबरी चपला घालते. ढग गडगडले की आधी मेन स्विच बंद. चार्जरचं नाव काढलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गाडी घे बाय, पन घराला नवी तार न्हाय लावायची."

मी वाद घातला नाही. कुठल्या तोंडाने घालणार?

मग अलिबागला जाऊन चार्जिंग सुरू झालं. शनिवार-रविवारी तिथे मुंबईकरांच्या गाड्यांची ही रांग! शेवटच्या पेशंटनंतर तिथे ताटकळत बसायचं, घरी यायला उशीर व्हायचा. आई जेवायची थांबलेली असायची. एका शनिवारी अशीच उशिरा आले तर ती ताट वाढता वाढता म्हणाली, "बोलव त्या वायरमनला. पन काम चालू असताना मी समोर बसनार."

सुहासदादा आमच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन, चौलचा. मी त्याला फोनवर सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी तो आला तेव्हा आई पडवीत खुर्ची टाकून तयार होती... आणि मग प्रश्न सुरू झाले. तारेवर पाणी पडलं तर? खारं वारं लागून आतून गंजली तर? कोंबडीने चोच मारली तर? सुहासदादा हातातलं काम थांबवून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. एकदाही हसला नाही.

अर्थिंगसाठी त्याने घरामागे खड्डा घेतला. नवी तांब्याची पट्टी पुरली, लाइन ओढली, चार्जर लावला आणि त्याच्या शेजारी भिंतीवर एक छोटा डबा बसवला. मग आईला जवळ बोलावलं. "काकी, हा बघा. करंट कुठं गळायला लागला ना, माणसाच्या अंगातून जरी जायला लागला, तरी हा डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. हे टेस्टचं बटण. दाबून बघा."

मला वाटलं, आई मागे सरकेल. पण तिने पदराला हात पुसले आणि बोट टेकवलं.

टक्.

चार्जरचा दिवा विझला. सुहासदादाने लाइन परत चालू केली, आईने परत बटण दाबलं... टक्. तिसऱ्यांदाही दाबलं. मग भिंतीकडे बघतच तिने विचारलं, "पंपाला ह्यं असतं तर?"

मी सुहासदादाकडे बघितलं. त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाला, "खोटं न्हाय बोलत काकी. बहुतेक वाचले असते."

आई खुर्चीत बसली. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी त्यांना ताप होता. मीच उठवलं... रोपं सुकतायत, जरा पानी सोडून या, असं मी म्हनाले. मीच धाडलं त्यांना."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. आपली आई विजेला घाबरते एवढंच मला ठाऊक होतं. ती स्वतःलाच दोष देत जगत आली, हे मला कधी कळलंच नाही.

मी तिचा हात सोडला नाही. सुहासदादा तिच्यासमोर उकिडवा बसला. "काकी, पानी सोडायला सगळीच मान्सं जातात. तुम्ही मरायला न्हाय धाडलं. पेटीत करंट उतरला होता आणि तो तोडायला काय नव्हतं. चूक असली तर ती हाय."

आई रडली. मीही रडले... बराच वेळ.

मग डोळे पुसून ती उठली आणि थेट म्हणाली, "शेजारी भाऊंच्या पंपाला हाय का असा डबा? चल, बघून येऊ." भाऊ म्हणजे आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, रोज अनवाणी वाडीत फिरणारे. डबा तर नव्हताच, पेटीची अर्थिंगची तार गंजून तुटून पडली होती. भाऊ म्हणाले, "एवढी वर्षं काय झालं न्हाय." आई त्यांना जे काय बोलली ते इथे लिहीत नाही! पण संध्याकाळच्या आत त्यांच्या पंपाला अर्थिंगची नवी तार लागली आणि डबाही बसला.

आजवर शेजारचा पंप सुरू झाला की आई कान बंद केल्यासारखी आतल्या खोलीत निघून जायची. काल सकाळी भाऊंनी पंप लावला तेव्हा ती कुंपणापाशी उभी होती. पाणी पाटातून शेवटच्या पोफळीपर्यंत पोचलं, तोवर उभी राहिली.

गाडी आता घरीच चार्ज होते, मी वेळेवर जेवायला असते. ती सोय आहेच. पण सुहासदादा, तू आईला खोटा धीर दिला नाहीस... खरं सांगितलंस आणि मग तिच्याजवळ बसलास. त्याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.