चारोळीविना कबाब

पठाणपुरा गेटाजवळच्या त्या कबाब-पावच्या दुकानाला कधी पाटी लागली नाही. लोक वासावर यायचे. सासरे वाजिदचाचा गेले आणि तवा सलीमाकडे आला. तव्यासोबत सासऱ्यांचा संशयी स्वभावही आला. खिम्यात भरड चारोळी पडते ही घरातली गोष्ट. चाचा ती पडद्यामागे कुटत आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम खोकत. सलीमाला खोटं खोकणं जमेना, म्हणून ती रेडिओ मोठा करी.

घराबाहेर हे एकटी बुधरी जाणून होती. गडचिरोलीपलीकडच्या जंगलातून ती दर उन्हाळ्यात चारोळी आणायची, एक कबाब-पाव खायची आणि बस धरायची. चाचा गेल्यापासून ती फिरकली नव्हती. बरणी तळाला गेली होती, आणि त्या काळजीनं सलीमाची झोप उडाली होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात एक अनोळखी माणूस दर शनिवारी येऊ लागला. एक कबाब-पाव खायचा, एक बांधून न्यायचा. त्यात काही वावगं नव्हतं. पण खाण्याआधी तो कबाब फोडायचा आणि आत डोकावून बघायचा. एकदा तर त्यानं नखानं एक कण काढला आणि उजेडात धरला. सलीमानं पडदा नीट ओढून घेतला. बसस्टँडजवळ नवं हॉटेल निघत होतं. नणंद तहसीननं कानाशी लागून सांगितलं, "त्याइचाच माणूस असन, भाभी. मसाला पाहून राह्यला."

पुरावा कशाला हवा? संशयाला तेवढं पुरतं. सलीमानं त्याच्यासाठी वेगळे कबाब थापायला सुरुवात केली, चारोळीविना. तो फोडून बघायचा, खायचा, एक बांधून न्यायचा. ती मनात म्हणायची, ने बाबा, काय न्यायचं ते ने.

मग एका शनिवारी त्यानं बांधून घेतलं नाही.

"काऊन, आज पार्सल नाई?" तिनं खोचकपणे विचारलं.

"कोनासाठी नेऊ, भाभी?" तो म्हणाला. "मी कोलू. बुधरीचा पोरगा. मायचे गुडघे गेले, येनं होत नाई. मी इथी कामाले आलो, शनवारी घरी जातो, तं म्हने, कबाब फोडून पाह्य, माही चारोळी हाय का. पहिले होती. माय लय खूश झाली. मंग दिसेनाशी झाली. नेलेला कबाब तिनं चाखला आन् बाजूले ठेवला. म्हने, चाचा गेला, आता त्याइले आपली गरज नाई. तुमच्यासाठी ठेवली होती ते सारी चारोळी मागच्या आयतवारी व्यापाऱ्याले देल्ली."

सलीमाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या चारोळीसाठी ती जिवाला घोर लावून बसली होती, ती तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती. आणि पायानं अधू झालेल्या म्हातारीला वर तिची गरज उरली नाही असं कळवलं होतं.

तिनं रेडिओ बंद केला. खलबत्ता पडद्यामागून उचलून गिऱ्हाइकांसमोर आणून ठेवला आणि बरणी त्यात पालथी केली. सगळं दुकान बघत होतं. तहसीननं डोळे वटारले. सलीमा कुटत राहिली.

"थांब, कोलूभाऊ," ती म्हणाली. "हे तुह्या मायचीच हाय, मागची. पार्सल घेऊन जा. आन् तिले सांग, चूक चारोळीची नोयती, माही होती."